भोकाची किंमत

जुनी वस्तू घरात असली म्हणजे ती मौल्यवान असलीच पाहिजे, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे फार बळावली आहे. जुने भांडे पडून राहण्यापेक्षा त्याचे काहीतरी उपयोगी करून घेतले म्हणजे त्याचा उद्धार झाला, ही तिचीच धाकटी बहीण. फुलदाणीचा टेबल-लॅम्प हे या दोघींचे संयुक्त अपत्य होय. या अपत्याचे जे कौतुक चालले आहे, ते आम्हांस मान्य नाही.

मागील महिन्यात येथे सोलापुरातच आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांस असा एक दिवा पाहावयास बोलाविले. काळ्याभोर घंटाकार भांड्यावर रुपेरी फुलांची वेल, खाली लाकडी पाट, वर कापडी शेड. एका व्यापाऱ्याने चिठ्ठीवर 'निजामकालीन दिवा' असे लिहून दीड लाखाचा आकडा घातला होता, आणि मुलीच्या वैद्यकीय शिक्षणाचा पहिला हप्ता त्या आकड्यावर भागेल असा हिशेब घरात होऊन बसला होता. "सर, एवढे येतील ना?" असे गृहिणीने विचारले, तेव्हा चहाचा पेला खाली ठेवून आम्ही तो दिवा उलटा केला.

भांडे बिदरी होते, यात संशय नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतकाम करावयाचे, छिन्नीने नक्षी खोदून तीत चांदी ठोकून बसवावयाची, आणि मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने जस्त काळे करावयाचे. त्या लेपाचा चांदीवर परिणाम होत नाही, हेच या कलेचे मर्म. परंतु ही फुलदाणी नव्हेच. हे हुक्क्याचे पाणी ठेवण्याचे भांडे. सतराव्या शतकात ती गोल, कड्यावर ठेवावयाची असत. पुढे बसक्या बुडाची घंटाकार झाली. बूड सपाट असल्यामुळे ती आपोआप उभी राहतात, आणि दिवेवाल्यांची नजर त्यांवरच प्रथम पडते.

पाटाखालचा लोकरी तुकडा सोलला तेव्हा बुडाच्या मधोमध तारेसाठी गिरमिटाने पाडलेले भोक दिसले. त्याच्या कडेला उघडे जस्त राखाडी चमकत होते. शिवाय कोणी पितळेच्या पॉलिशने घासून खांद्यावरचा काळा रंगही घालविला होता. काळेपणा बिदरचा कारागीर पुन्हा आणून देईल. भोक बुजविले तरी बुजविलेले दिसेल. ज्या भांड्याचा धर्म पाणी धरणे, त्यात आता पाणी राहणार नाही.

'निजामकालीन' या शब्दातील चलाखी पाहा. निजामाचे राज्य नळदुर्गापलीकडे 1948 पर्यंत होते, म्हणजे विजेची तारसुद्धा निजामकालीन असू शकेल! भांड्याचे वय दिव्यास चिकटवून दोहोंची किंमत एकदम मागावयाची, हा हा व्यापार. खरे मूल्यमापन दोन्ही वेगळे करते: दिवा म्हणून किंमत होल्डर, तार आणि शेड यांची; भांडे म्हणून किंमत बिदरीची, पण भोक पडलेल्या बिदरीची.

प्रतिपक्षाचे एक उत्तर विद्वत्तेचे आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी चिनी फुलदाण्यांस सोनेरी मुलाम्याच्या काशाचे कोंदण केले. तेही मोडतोडीचेच काम, आणि आज संग्रहालये ते मिरवितात. खरे आहे, परंतु ते कोंदण स्वतःच उत्तम कारागिरांचे काम होते. आमच्या पाटावर सुताराने रंधाही नीट फिरविला नव्हता. दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे: दिवा झाला नसता तर हे भांडे मोडीत गेले असते. 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या, हुक्केही विझले. ज्या भांड्यास काम उरले नाही ते घरात कोण ठेवणार? हे आम्ही निम्मे मान्य करतो. पण जगविण्यासाठी भोक कशास? तोंडात बसणाऱ्या लाकडी बुचावर होल्डर लावून तार मानेपासूनच बाहेर काढता येते. बुडास हात लावावा लागत नाही. आणि दिवाच हवा असेल, तर हुमनाबादेवरून आत वळले म्हणजे बिदर. तेथील कारागीर आजही काम करीत आहेत, ते नवा करून देतील. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील समया आणि लामणदिवे पाहा. त्यांतील एकही दुसऱ्या कशाचा मोडून केलेला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्या चिठ्ठीवर नव्हती. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि ती खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाही. 'बाहेर याला फार भाव आहे' असे जो सांगतो त्यास हे ठाऊक नसते, किंवा फार चांगले ठाऊक असते.

गृहिणीस आम्ही जो आकडा सांगितला तो चिठ्ठीवरच्या आकड्याच्या चौथाईइतकाही नव्हता. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. भोक आपल्या वडिलांनीच मोठ्या हौसेने पाडून घेतले होते, असे मग आमच्या विद्यार्थ्याने खाली मान घालून सांगितले. हप्त्यासाठी बँकेत अर्ज केला आहे. तार आणि पाट काढून टाकला. भांडे कपाटावर आहे, आणि पॉलिशची बाटली मोलकरणीच्या हाती लागणार नाही अशी ठेवली आहे.