तलवार आणि तनखा

मनमाडहून चांदवडला जाऊन होळकरांचा रंगमहाल पाहणाऱ्यास अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण होते, आणि ते यथोचितच आहे. परंतु त्याच घराण्याच्या पडत्या काळात वाढलेली, यशवंतराव होळकरांची कन्या भीमाबाई मात्र आपल्या लेखी ‘वीरांगना’ या एका बिरुदापुरतीच उरावी, याचा मला विषाद वाटतो.

सरदारघराण्यातील मुलीने घोड्यावर मांड ठोकावी, पट्टा फिरवावा, हे त्या काळी जगावेगळे मानले जात नसे. महिदपूरला होळकरांशी लढलेल्या ब्रिटिश सेनानी माल्कमनेही मराठा सरदारस्त्रियांच्या अश्वारोहणाची नोंद केली आहे. जगावेगळी होती ती दरबाराची अवस्था. यशवंतरावांना वेड लागले, १८११ मध्ये ते निवर्तले, गादीवर त्यांचे अल्पवयीन पुत्र मल्हारराव आले आणि मुखत्यारी यशवंतरावांच्या सहचारिणी तुळसाबाईंच्या हाती गेली. फौजेचा तनखा थकलेला, कारभाऱ्यांचा परस्परांवर विश्वास नाही, आणि ज्याच्या बळावर दौलत तगायची त्या अमीरखानाने नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतलेले. अशा दरबारात तलवार शिकलेल्या तरुणीने ती कोणासाठी उपसावी? २० डिसेंबरला खुद्द स्वतःच्याच फौजेने तुळसाबाईंचा क्षिप्रेकाठी शिरच्छेद केला, आणि दुसऱ्याच दिवशी महिदपूरची लढाई झाली. तीत भीमाबाई घोडदळासह लढली, अशी परंपरा आहे. होळकर ती लढाई हरले, ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, म्हणजे आपल्या या चांदवडच्या टापूचे भवितव्य माळव्यातल्या नदीकाठी ठरले.

शाळांच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या हाती पुठ्ठ्याची तलवार देण्यास माझी हरकत नाही (दांडपट्टा खरोखरच शिकवला तर अधिकच उत्तम). पण त्या तलवारीसोबत थकलेल्या तनख्याची, फितलेल्या मसलतीची हकीकतही त्यांना सांगितली पाहिजे, कारण होळकरशाहीत शौर्याची वाण नव्हती, वाण होती ती चोख दफ्तराची आणि भरलेल्या खजिन्याची, जी अहिल्याबाईंनी आयुष्यभर सांभाळली होती. तुळसाबाईंना केवळ कुलटा ठरवून मोकळे होणाऱ्या बखरी आणि कादंबऱ्या ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. रंगमहाल पाहावयास येणाऱ्या विद्यार्थिनींना अहिल्याबाईंच्या जोडीने भीमाबाईंचे आणि तुळसाबाईंचेही चरित्र, त्यांतील अप्रिय भाग न गाळता, सांगण्याची व्यवस्था व्हावी, एवढीच मागणी आहे.