विश्लेषण : एटीएमच्या पोटातली जुनी विंडोज

एटीएमला गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर कशाला हवे? मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये आणलेली ‘विंडोज एक्सपी एम्बेडेड’ याच विचाराने हजारो सुट्या घटकांत विभागलेली होती. यंत्र बनवणाऱ्याने हवे तेवढेच घटक निवडायचे. जागा वाचते, हॅकरच्या वाटाही घटतात. कल्पना आजही चोख. गोची पुढची आहे. यंत्र वर्षानुवर्षे चालते, सुरक्षा अपडेट मात्र आधीच बंद होतात. मूळ एक्सपीचे एप्रिल २०१४ मध्ये थांबले, एम्बेडेडचे जानेवारी २०१६ मध्ये. तरीही एक्सपी आणि तिच्यासारख्या मुदत संपलेल्या प्रणालींवरची एटीएम बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना वर्षभराचे वेळापत्रकच बांधून द्यावे लागले. ब्रेडच्या पाकिटावर असते तशी तारीख एटीएमवरही छापायला हवी. चोरांना ती ठाऊक असतेच, ग्राहकाला नसते.