मालक धड्यात एकदाच येतो

मी मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये तेच अर्थशास्त्र पुन्हा शिकवतो. दोन्हीकडे एक संकल्पना चुकत नाही : मानवी भांडवल. शिक्षण, आरोग्य आणि प्रशिक्षणावर पैसा घाला, माणसाची उत्पादकता वाढते. उत्पादकता वाढली की मजुरी वाढते. मुलं पाठ करतात, लिहितात, गुण घेतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं न सांगितल्यामुळे हा धडा गरिबाच्या पोराला एकच गोष्ट पक्की शिकवतो : तुझ्या आईबापाला पैसे कमी मिळतात, कारण त्यांची लायकी कमी आहे.

क्लासमधली मुलं एनसीईआरटीची जुनी पुस्तकं वाचतात. नववीच्या अर्थशास्त्रात सकल आणि विलास या दोन मित्रांची गोष्ट आहे. एकाच गावातले दोघं. सकलचा बाप शेतात राबणारा, पण पोराला शिकवतो. सकल कॉम्प्युटरचा कोर्स करतो, नोकरीला लागतो, नवं सॉफ्टवेअर बनवतो, कंपनीची विक्री वाढते आणि साहेब खूश होऊन बढती देतो. विलासचा बाप लहानपणीच गेलेला. आई मासे विकते. विलासला सांधेदुखी, डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत, शाळा नाही. शिवाय त्याला अभ्यासात रस नव्हता, हेही पुस्तक जाता जाता सांगून टाकतं. मग आई आजारी पडते आणि विलासही मासे विकायला बसतो. कमाई आईइतकीच तुटपुंजी.

ही गोष्ट मी वर्गात वाचून घेतो आणि विचारतो, यात मालक किती वेळा येतो? मुलं शोधतात. एकदाच येतो, सकलला बढती द्यायला. विलासच्या गोष्टीत मासे घेणारं गिऱ्हाईक नाही, व्यापारी नाही, भाव पाडणारं कुणी नाही. गावात सरकारी दवाखाना का नव्हता, बाप गेलेल्या घराला आधार का नव्हता, हे प्रश्नही नाहीत. फक्त विलास आणि त्याचे दुखणारे सांधे. जणू मजुरी हा माणसाच्या अंगातला गुण आहे, उंचीसारखा.

आता पुस्तक मिटा आणि माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरी चला. यातल्या कित्येकांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. आजारपणात खाडा झाला तरी पैसे कापले जातात. हिशेब टनावर.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. त्याआधी संघटनांनी कोयता बंदची हाक दिली होती, बैठकांवर बैठका झाल्या होत्या, गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. मी वर्गाला विचारलं : डिसेंबर ते जानेवारी या एका महिन्यात तुमच्या आईची उत्पादकता ३४ टक्क्यांनी वाढली का? तिने कुठला कोर्स केला? कोयत्याला जास्त धार आली? मुलं हसली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, काम तेवढंच होतं. आधी कमी देत होते.”

चार गुणांच्या उत्तरात न मावणारं अर्थशास्त्र तिने एका ओळीत सांगितलं. मजुरी दोन बाजूंमध्ये ठरते. एका बाजूला काम करणाऱ्याचं कसब असतं, हे खरं. पण दुसऱ्या बाजूला देणारा असतो, त्याचं बळ असतं, आणि मधे कायदा, जात, बाईपण, कर्ज आणि संघटना असते. आमच्या भागात एकाच रानात खुरपणाऱ्या बाईची हजेरी पुरुषाच्या जवळपास निम्मी असते. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. बाईच्या हातात निम्मं भांडवल असतं असं म्हणायचं आहे का?

ही काही माझी नवी अक्कल नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली. मानवी भांडवलाचं मूळ तिथे सापडतं. पण त्याच ग्रंथात त्याने हेही लिहिलं की मालक लोक मजुरी वाढू नये म्हणून आतून एक असतात, आणि वाटाघाटीत मजुराआधी उपाशी पडण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. पुढे थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात पहिल्या मुद्द्याचा सिद्धांत उभा केला. दोघांनाही नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि स्मिथचं दुसरं वाक्य सोडून दिलं.

सिद्धांतच खरा धरायचा तर तो पुरता तरी धरा. जेम्स हेकमन या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाचं संशोधन सांगतं की माणसावरची सगळ्यात फायद्याची गुंतवणूक शाळेच्या आधीच्या वयातली. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला खाऊ घालणारी, वजन करणारी, पहिली गाणी शिकवणारी बाई म्हणजे अंगणवाडी सेविका. देशाचं मानवी भांडवल सगळ्यात आधी तिच्या हातात असतं. तिला काय मिळतं? पगार नाही, ‘मानधन’. योजना १९७५ साली सुरू झाली आणि अजूनही ती कागदोपत्री स्वयंसेविका. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो दीड महिन्याहून जास्त चालला. भांडवल घडवणाऱ्या बाईला भांडवलाचा नियम लागू होत नसेल, तर नियमात काहीतरी राहिलंय हे कबूल करायला काय हरकत आहे?

माझंच बघा. एम.ए., बी.एड., वर सेट. मी तासिका तत्त्वावर आहे. शेजारच्या वर्गात कायम शिक्षक हाच धडा, हाच फळा, याच पोरांना शिकवतात. त्यांचा महिन्याचा पगार आणि माझी तासांची बेरीज यांच्यात काही पट फरक आहे. दिवाळीची सुट्टी त्यांना सुट्टी, मला बिनपगारी. आमच्या दोघांच्या डोक्यातलं भांडवल सारखंच आहे. फरक नेमणुकीच्या कागदात आहे. आणि त्या कागदावर सही करणाऱ्याला ठाऊक आहे की मी सोडलं तर दारात आणखी वीस सेटवाले उभे आहेत.

रांग हा या धड्याचा दुसरा गाळलेला भाग. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत साधारण १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. त्यात पदवीधर होते, पदव्युत्तर होते. एका पोराने आणखी एक पदवी घेतली तर रांगेत तो चार पावलं पुढे जाईल. सगळ्यांनी घेतली तर रांग तेवढीच राहते, फक्त प्रत्येकाच्या घरचं आणखी एक एकर विकलेलं असतं. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये मांडलं होतं की पदवी पुष्कळदा कसब वाढवत नाही, ती मालकाला नुसती खूण पटवते. तरी आपण वर्गात आणि तुमच्या मोबाइलवरच्या रील्समध्ये एकच मंत्र जपतो : स्किल वाढवा, पॅकेज वाढेल. डिलिव्हरी करणाऱ्या पोराला विचारा. त्याची गाडी तीच, रस्ते तेच, वेगही तोच. रात्रीत अॅपमधलं रेटकार्ड बदलतं आणि सकाळी त्याच फेरीचे पैसे कमी झालेले असतात.

“मग काय, पोरांनी शिकू नये?” हा प्रश्न स्टाफरूममध्ये मला हमखास येतो. शिकायलाच हवं. ज्या मातीत जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तिथे शिक्षणाच्या विरोधात बोलणारा करंटाच. पण फुल्यांनी पॅकेजसाठी शिका असं सांगितलं नव्हतं. हिशेब वाचता यावा, कागदावर काय लिहिलंय ते कळावं, लुबाडणारा ओळखता यावा, यासाठी शिका असं त्यांचं सांगणं होतं. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, निवेदनं दिली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज तुम्ही रविवारी उशिरा उठता ते कुणाच्या वाढलेल्या उत्पादकतेमुळे नाही.

“संघटना आणि किमान वेतन यांनी नोकऱ्या जातात”, हा दुसरा आक्षेप. कधी जातातही. पण हा निसर्गनियम नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्टफूडची दुकानं तपासली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावर वाद झाले, अजून होतात. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. निदान हा वाद आहे एवढं तरी पोरांना कळू द्या.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. मानवी भांडवलाच्या धड्यानंतर लगेच दुसरा धडा हवा, आणि त्याला परीक्षेत तेवढेच गुण हवेत. त्यात पगाराची पावती वाचायला शिकवा : मूळ वेतन कुठलं, भविष्य निर्वाह निधी किती कापला, मालकाने त्याचा वाटा भरला का. आपल्या जिल्ह्यात आपल्या कामाचं किमान वेतन काय, ते शोधायला लावा. नेमणुकीचं पत्र मागायचा हक्क आहे हे सांगा. उचल आणि व्याजाचा हिशेब गणितात घ्या. संप म्हणजे काय, तो कधी जिंकला आणि १९८२ च्या गिरणी संपासारखा कधी हरला, तेही सांगा. यातलं काहीच क्रांतिकारक नाही. ज्याला उद्या काम मागायला जायचंय, त्याला समोरच्या खुर्चीत कोण बसलंय हे माहीत असावं, इतकंच.

हे होत नाही तोवर मी माझ्यापुरतं करतो. चार गुणांचं उत्तर पूर्ण लिहून देतो, कारण पोरांना गुण हवेत. आणि त्याखाली एक प्रश्न घालतो, जो परीक्षेत येणार नाही : तुमच्या घरात सगळ्यात जास्त तास कोण राबतं, त्याला किती मिळतं, आणि तो आकडा कुणी ठरवला? उत्तर शोधायला पोरांना घरी विचारावं लागतं, मुकादमाची वही बघावी लागते. काही जणांना ती वही दाखवलीच जात नाही. तेही मी उत्तर म्हणून धरतो आणि पूर्ण गुण देतो.