'दुर्बल' बंधांची बाजू

बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. एक शब्द अजून खुपतो: 'दुर्बल बंध'. हायड्रोजन बंधाला हे विशेषण लागलं की मुलं तो भाग दोन गुणांचा समजून पान उलटतात.

आकडा लहान आहे, हे खरं. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध विसाच्या आसपास सुटतो. पण हायड्रोजन सल्फाइड बघा. रेणू पाण्याहून जड, तरी उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी शंभरापर्यंत तग धरतं ते या बंधांच्या जोरावर.

मी वर्गात दोन अंडी न्यायचे, एक कच्चं, एक उकडलेलं. उकडताना प्रथिनाची साखळी तुटत नाही. तिच्या घड्या सांभाळणारे हे हलके बंध सुटतात, आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात आणि एकमेकांना चिकटतात. पारदर्शक द्रव पांढरा, घट्ट होतो. मुलं दोन्ही अंडी हातात घेऊन बघत राहायची!

आणि सहज सुटणं हाच तर यांचा गुण. डीएनएचे दोन धागे अशाच बंधांनी जुळतात, म्हणून पेशी त्यांची नक्कल करताना ते उलगडू शकते.

परीक्षेत व्याख्या विचारणं आता थांबवा. माठातलं पाणी गार का होतं, ते विचारा. उकडलेलं अंडं थंड झाल्यावर पुन्हा कच्चं का होत नाही, ते विचारा.