सीओटूचा पूर्वपक्ष

माझा भाचा घरून काम करतो. आठ बाय दहाची खोली, दोन मॉनिटर, भलाथोरला सीपीयू, यूपीएस आणि खाली वायरींचा गुंता. फायर एक्स्टिंग्विशर घ्यायचा विषय निघाला तेव्हा त्याने ठणकावून सांगितले, ‘मामा, कॉम्प्युटरला सीओटूच. पावडर मारली की मशीन गेलंच.’ कॉम्प्युटरशी जरा घसट असलेला जो तो हेच सांगतो.

यात खरे आहे ते आधी पदरात घालतो. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती हवेतला ओलावा ओढते आणि धातूला गंज चढवते. पंख्याच्या जाळीतून आत शिरून मदरबोर्डवर बसली आणि बाहेर मुंबईचा पावसाळा असला, तर ते मशीन विसरायचे. सीओटू मागे काहीच ठेवत नाही. शिवाय घरभर पांढरा धुरळा होईल या धास्तीने माणूस पावडरची पिन ओढायला कचरतो, आणि आग तेवढ्यात हातभर वाढते. सीओटूवाल्यांचा हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि नेमका तोच ते कधी मांडत नाहीत.

पण हे सगळे शहाणपण सर्व्हर रूमचे. तिथे एका यंत्राची आग विझवताना शेजारची दहा यंत्रे चालू राहायला हवी असतात. घरात पेटलेला सीपीयू तर गेलेलाच. वाचवायचा असतो त्याच्या मागचा पडदा, प्लायचे टेबल, कोपऱ्यातली गादी. वीज तोडली की उरते ती लाकूड-कापडाची, ‘ए’ वर्गाची आग, आणि सीओटू तोकडा पडतो तो इथेच. ज्वाला दबते, गादीतला निखारा धुमसत राहतो, गॅस पांगला की पुन्हा भडका. तोवर दोन किलोचे सिलिंडर रिकामे झालेले असते. ते काही सेकंदांचेच गिऱ्हाईक.

जरा हिशेब मांडू. दोन किलो सीओटूचा सुमारे १.१ घनमीटर गॅस होतो. आठ बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली भरते साधारण २० घनमीटर. एसीसाठी खिडक्या बंद. सिलिंडर संपेपर्यंत हवेत पाच टक्क्यांवर सीओटू, आणि जिवाला धोका ४ टक्क्यांपासूनच धरतात. गॅस मारून झाला की तिथे थांबायचे नसते, हे किती विक्रेते सांगतात?

विक्रेत्यांचे आणखी एक पालुपद: ‘एबीसीमधला सी म्हणजे करंट.’ अमेरिकेत तसे आहे. आपल्या वर्गवारीत सी म्हणजे गॅसची आग. विजेच्या उपकरणावर चालेल की नाही, हे सिलिंडरवर वेगळे छापलेले असते. ते वाचायचे, आणि आयएसआयची खूणही पाहायची.

वीज तोडणेही वाटते तितके सोपे नाही. एमसीबी पाडला तरी यूपीएस पीं-पीं करत आपल्या बॅटरीवरून सीपीयूला वीज पुरवतच राहतो. त्याचे बटण टेबलाखाली, म्हणजे बहुधा आगीच्याच पोटात.

म्हणून माझा पक्ष असा. घरात एकच घ्यायचे तर एबीसी पावडरच, आणि ते खोलीबाहेर, दाराशी, पाठीशी सुटायची वाट राहील असे. ऐपत असली तर जोडीला सीओटू जरूर घ्या. पहिल्या ठिणगीला तो मारा. क्लीन एजंट उत्तम, पण त्याची किंमत घरगुती नाही. लॅपटॉपची लिथियम बॅटरी पेटली तर पावडर काय, सीओटू काय, दोन्ही ज्वाला दाबतात, बॅटरी थंड करत नाहीत. चार्जरची वीज बंद करून लांबून भरपूर पाणी. ते जमण्यासारखे नसेल तर दार ओढून बाहेर पडायचे आणि १०१ फिरवायचा. राहिल्या कामाच्या फायली. त्यांची एक प्रत दुसऱ्या घरातल्या हार्ड डिस्कवर असली की पावडरची भीती निम्मी होते.

भाच्याने अर्थात सीओटूच घेतला. टेबलामागे, सीपीयूच्या डोक्यावर टांगला. पावडरच्या सिलिंडरला गेज असतो, काटा हिरव्यात आहे की नाही ते शेंबडे पोरही सांगेल. सीओटूला गेज नसतो. वजन करायचे, आणि सिलिंडरवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे. दोन वर्षांनी रद्दीवाला दारात आला तेव्हा मी ते त्याच्या काट्याला अडकवले. दोन किलोंतला सव्वा किलो गॅस उरला होता.