चाकरी गेली, मग शर्त का राहिली?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेणीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात एका जमीन खरेदीची नोंद आहे. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याच्या वडिलांच्या मालकीचे, नगराच्या सीमेवर वायव्य दिशेला असलेले शेत ४००० कार्षापणांना विकत घेतले आणि लेणीत राहणाऱ्या भिक्खूंच्या अन्नासाठी दिले, अशी ती नोंद. विकणारा कोण, जमीन त्याच्याकडे कशी आली, ती कुठे आहे, किंमत किती दिली आणि कशासाठी घेतली, हे सगळे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी चारचौघांना वाचता येईल असे दगडावर कोरले गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेणीत गौतमीपुत्र सातकर्णीचे आज्ञापत्र आहे. संघाला दिलेल्या शेतात राजाच्या अधिकाऱ्यांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, असे त्यात बजावले आहे. बंधनमुक्त जमीन म्हणजे काय, याचा नाशिकमधला हा फार जुना लेखी पुरावा म्हटला पाहिजे.

आज त्याच नगराच्या सीमेवर रोज जमिनींचे व्यवहार होत आहेत. फरक एवढाच की, आजच्या व्यवहारात जे दगडावर कोरायला हवे ते स्टँप पेपरवर दडवले जाते.

१९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी कामगार आणले, सिडकोने घरे बांधली आणि पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, नांदूर ही शेतीची गावे शहराची उपनगरे झाली. आता सिंहस्थाच्या निमित्ताने नवे रस्ते, नवे भूसंपादन यांची चर्चा आहे. रस्त्याची आखणी कागदावर उतरायच्या आधी दलाल बांधावर उतरलेला असतो. त्याचा पहिला प्रश्न पाण्याचा किंवा मातीचा नसतो. तो विचारतो, 'जमीन वर्ग एकची की वर्ग दोनची?'

हा प्रश्न आमच्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे भोगवटादार वर्ग एक म्हणजे ज्याला जमीन विकण्याचा, वाटण्याचा मोकळा हक्क आहे तो. जुन्या भाषेत जुनी शर्त. वर्ग दोन म्हणजे ज्याच्या हक्कावर शासनाची शर्त आहे तो. जुन्या भाषेत नवीन व अविभाज्य शर्त. शहराच्या कडेला वर्ग एकच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. वर्ग दोनची जमीन त्याच बांधाला लागून असली तरी तिच्या मालकाच्या हातात त्या भावातला फारच थोडा भाग पडतो. ही वर्ग दोनची जमीन ज्यांच्याकडे आहे त्यांत महार वतनाचे वारस मोठ्या संख्येने आहेत.

महार वतन ही कुणी दयाबुद्धीने दिलेली बक्षिशी नव्हती. गावाची आणि सरकारची चाकरी करायची, वेळी-अवेळी धावायचे, आणि त्या बदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १८७४ च्या वतन कायद्याने ही बेडी पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातला गाभा असा होता की, ज्या महाराला चाकरी सोडायची आहे त्याने इतर रयतेप्रमाणे पूर्ण सारा भरावा आणि जमीन रयतावा हक्काने स्वतःकडे ठेवावी. चाकरी जावी पण जमीन राहावी, आणि तीही इतरांसारख्याच हक्काने राहावी. ते विधेयक तेव्हा मंजूर होऊ शकले नाही. पुढे सरकारने वतन जमिनींवरची जुडी वाढवली, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सिन्नरला, बाबासाहेबांच्या उपस्थितीत वतनदारांची परिषद झाली आणि या वाढीला विरोध केला गेला. म्हणजे महार वतनाच्या जमिनीचा प्रश्न नाशिकला नवा नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ साली मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा झाला. वतने संपली, चाकरी संपली, जमिनी आधी शासनाकडे गेल्या आणि कब्जाहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारांना त्या पुन्हा दिल्या गेल्या. इथपर्यंत ठीक. पण याच कायद्याच्या कलम ५ ने असेही ठरवले की, परत दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि शासन ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय विकता येणार नाही, तिची वाटणीही करता येणार नाही. ज्यांना मुदतीत पैसे भरता आले नाहीत, किंवा भरायचे असतात हे कुणी सांगितलेच नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर सरकारचे नाव चढले. १९२८ साली मागितला होता रयतेचा हक्क. १९५८ साली मिळाला शर्तीचा हक्क. चाकरी गेली, पण शर्त राहिली.

या शर्तीचे संरक्षण म्हणून समर्थन केले जाते. ते सरसकट खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आदिवासींच्या जमिनींना महसूल संहितेच्या कलम ३६ अ चे कवच आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे सहजासहजी जाऊ शकत नाही. अनुसूचित जातींच्या जमिनींना संहितेत असे कवच नाही. त्यामुळे वतन जमिनीवरची शर्त हीच काय ती आडकाठी आहे. ती नसती तर शहराजवळच्या कित्येक वतन जमिनी कर्जापायी, लग्नापायी, दवाखान्यापायी केव्हाच मातीमोल भावाने गेल्या असत्या, असे सांगणारे वडीलधारे लोक गावोगाव भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

परंतु एखादे बंधन संरक्षण आहे की बेडी, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. त्या बंधनाने शेवटी जमीन कुणाकडे राहिली, आणि पैसा कुणाकडे गेला?

आता हिशेब पाहू. कुळकायद्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्यावरही कलम ४३ ची शर्त होती. २०१४ साली शासनाने त्या कलमात दुरुस्ती केली. खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून, परवानगीशिवाय, ती जमीन दुसऱ्या शेतकऱ्याला विकता येते. कुळांना मिळालेली ही सवलत योग्यच आहे. कसणाऱ्याला हक्क मिळाला याचा आम्हांला आनंद आहे. पण वतन जमीन वर्ग एक करायची झाली तर २००२ च्या दुरुस्तीने दर ठेवला तो चालू बाजारमूल्याच्या ५० टक्के. समजा, दोन शेजाऱ्यांची एकेक एकर जमीन आहे, दोन्हींचा आकार पाच रुपये आणि बाजारमूल्य दोन कोटी रुपये आहे. कुळाच्या वारसाला विकण्यापूर्वी भरावे लागतील दोनशे रुपये. वतनदाराच्या वारसाला जमीन मोकळी करायला भरावा लागेल एक कोटी रुपये. माती एक, बांध एक, आणि नजराण्यात फरक दोनशे रुपये आणि एक कोटी रुपयांचा! हे कोणत्या न्यायात बसते, याचे उत्तर आजवरच्या एकाही सरकारने दिलेले नाही.

मजुरी करणाऱ्या वारसाकडे एक कोटी कुठून येणार? तिथेच दलाल उभा असतो. 'नजराणा आम्ही भरू, परवानगी आम्ही आणू, तुम्ही फक्त सह्या करा', असे तो म्हणतो. मग विसारपावती होते, साठेखत होते, ताबा पावती होते आणि कुलमुखत्यारपत्र लिहून घेतले जाते. किंमत ठरवताना अर्धी रक्कम नजराण्यापोटी आधीच वजा केली जाते, वर परवानगीच्या 'खर्चा'च्या नावाने आणखी कात्री लागते. उरलेली रक्कम भावकीतल्या तीस-चाळीस नावांत वाटली जाते. लग्न होऊन गेलेल्या मुलींना तर पत्ताही लागू दिला जात नाही; २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी बौद्ध कुटुंबांतही सह्यांच्या वेळी ती आठवत नाही. याचा जाब आपण आपल्या घरातही विचारला पाहिजे.

पुढे शर्तभंग उघडकीस आला तर काय होते? जमीन सरकारजमा होण्याची नोटीस निघते. ज्याच्याकडे पैसा आहे तो नजराणा आणि दंड भरून व्यवहार नियमित करून घेण्याच्या मागे लागतो. मूळ वारस या सगळ्यात कुठेच नसतो. त्याची जमीन गेलेली असते आणि शर्तभंग करणारा म्हणून कागदावर नाव मात्र त्याचेच राहते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला महार वतन हा शब्द नव्याने आठवला. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन. सातबाऱ्यावर सरकारचे नाव. प्रत्यक्ष ताबा भारतीय वनस्पती सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेकडे. आणि वारसांकडून कुलमुखत्यारपत्रे घेऊन 'अमेडिया' या कंपनीला ३०० कोटी रुपयांना केलेली विक्री. बाजारभाव १८०० कोटींच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. मुद्रांक शुल्क ५०० रुपयांवर भागवल्याचा आरोप झाला. कंपनीच्या भागीदारांत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांचे चिरंजीव पार्थ पवार असल्याने प्रकरण गाजले. गुन्हे दाखल झाले, अधिकारी निलंबित झाले, चौकशी समिती नेमली गेली आणि व्यवहार रद्द करत असल्याचे जाहीर झाले. दोष कुणाचा हे चौकशी आणि न्यायालये ठरवतील. वकील म्हणून आम्ही त्याआधी निकाल देणार नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. चर्चा झाली ती बुडालेल्या मुद्रांक शुल्काची, सरकारच्या जमिनीची, मंत्र्याच्या मुलाची. ज्यांच्या पूर्वजांनी चाकरी करून ती जमीन राखली त्या अडीचशेहून अधिक वारसांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न विधानसभेत आणि वाहिन्यांवर किती जणांनी विचारला?

मुंढव्याचे प्रकरण मोठ्या नावामुळे उघडकीस आले. ज्या व्यवहारांत मोठे नाव नाही, ते उघडकीस येत नाहीत. प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला अशी छोटी छोटी मुंढवे आहेत.

यात आणखी एक बाजू आहे. अशा जमिनींवर पाडलेले गुंठ्या-गुंठ्यांचे प्लॉट घेणाराही पुष्कळदा आपलाच माणूस असतो. कारखान्यात आयुष्य घालवून भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून तो गुंठाभर जागा घेतो. नोटरीचा कागद म्हणजेच खरेदीखत असे त्याला सांगितलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे की, कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. म्हणजे विकणाऱ्या गरिबाची जमीन गेली, घेणाऱ्या गरिबाला मालकी मिळाली नाही, आणि मधला माणूस गाडी बदलून मोकळा झाला.

मग मार्ग कोणता? सगळी वतन जमीन एका रात्रीत विनाशर्त वर्ग एक करा, ही मागणी ऐकायला क्रांतिकारक वाटते. तिचा लाभ कुणाला होईल याचा विचार ती करणाऱ्यांनी करावा. सह्या केलेली मुखत्यारपत्रे ज्यांच्या कपाटात आधीच पडून आहेत, ते त्या दिवसाची वाटच पाहत आहेत.

आमची मागणी वेगळी आहे. पहिली, मूळ वतनदाराच्या वारसाच्या नावावर आणि ताब्यात जमीन असेल तर त्याच्यासाठी नजराणा कुळाइतकाच, म्हणजे आकाराच्या ४० पट ठेवावा. बाहेरच्या खरेदीदाराला ही सवलत नसावी. दुसरी, महार वतन जमिनीचा व्यवहार मुखत्यारपत्रावर नोंदवूच नये. प्रत्येक वारसाने, मुलींसह, दुय्यम निबंधकासमोर स्वतः उभे राहावे. तिसरी, किंमत वार्षिक बाजारमूल्य दरापेक्षा कमी नसावी आणि ती ज्याच्या त्याच्या बँक खात्यातच जमा व्हावी. चौथी, बिगरशेती विकास करायचा असेल तर वारसांना त्यात नोंदणीकृत भागीदारी मिळावी. पाचवी, कब्जाहक्काची रक्कम न भरल्याने ज्या जमिनी सरकारच्या नावावर गेल्या, त्यांची गाववार यादी जाहीर करून वारसांना फेरअर्जाची संधी द्यावी.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर आपण काय करायचे, तेही सांगतो. कुणी विसार घेऊन आला की सही करण्याआधी तहसील कार्यालयातून जुने सातबारे, फेरफार, कडईपत्रक आणि गाव नमुना १-क यांच्या नकला काढा. आपली जमीन परत दिल्याचा आदेश कोणता, रक्कम केव्हा भरली, हे पाहा. भावकीची बैठक घ्या आणि त्यात लेकीबाळींना बोलवा. कुणी दमदाटीने ताबा घेतला असेल, तर अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे, हे लक्षात ठेवून तक्रार नोंदवा. आणि प्लॉट घेणार असाल तर 'पुढे बघू' या शब्दावर आयुष्याची पुंजी टाकू नका.

शहरे वाढणार, जमिनींचे भाव वाढणार, खरेदी-विक्री होणार. ती थांबवा असे आमचे म्हणणे नाही. विकायची की राखायची, हे वारसाने ठरवावे. मात्र ते त्याने शेजारच्या शेतकऱ्याइतक्याच हक्काने आणि पूर्ण भावाने ठरवावे. १९२८ च्या विधेयकात बाबासाहेबांनी याहून वेगळे काही मागितले नव्हते. ती मागणी अजून पुरी झालेली नाही.