वही द्या, हक्क देऊ नका

आपल्या वस्त्यांत लिहिणारी माणसे कमी नाहीत. कुणी गिरणीतले दिवस लिहून ठेवले आहेत, कुणी आईच्या तोंडच्या ओव्या वहीत उतरवल्या आहेत. पण वही पेटीतून बाहेर पडत नाही. “आमचं कोण छापणार?” हा एक प्रश्न, आणि “द्यायचं तर कुणाच्या भरवशावर?” हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दिले आहे. दुकानात बसून त्यांनी आपले जगणे लिहिले आणि घरच्या धाकाने सुमारे २० वर्षे लपवून ठेवले. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. आधी मासिक, मग पुस्तक, ही वाट आजही चांगली. एखादे प्रकरण दिवाळी अंकाला पाठवून पाहावे.

आता दुसरा प्रश्न. इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. मराठीत लेखकाला सहसा थेट प्रकाशकालाच लिहावे लागते. तेव्हा सावधगिरीही आपली आपणच बाळगायची.

आधी वाचनालयात जाऊन पाहा, आपल्यासारखी पुस्तके कोण काढते. गाइडे छापणाऱ्याकडे कविता पाठवून उपयोग नाही. मग एका पानाचे पत्र लिहा: लेखन कशाविषयी आहे, पाने किती, आधी कुठे छापून आले आहे का, आपला पत्ता व फोन. “गरिबाला पदरात घ्या” अशी विनवणी नको. आपण भीक मागत नाही, आपले काम दाखवतो आहोत.

मूळ वही कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या, पानांवर क्रमांक घाला, स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. एकुलती एक वही देऊन पुढे तिच्यासाठी खेटे घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ‘साभार परत’ आले तर खचू नका. दुसरे दार ठोठवा.

होकार आला की घाईने सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याक्षणी लेखनाचा हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या मागे ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी व सहीनिशीच करावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. म्हणून “सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे” हे वाक्य दिसले की थांबा. किती प्रती, किती टक्के रॉयल्टी, किती वर्षे आणि भाषांतराचा हक्क कुणाचा, हे कागदावर आणा. घरात कुणी शिकलेले मूल असेल तर त्याच्याकडून करार दोनदा वाचून घ्या.

काही ठिकाणी लेखकाकडेच पैसे मागतात. स्वखर्चाने पुस्तक काढणे गैर नाही, पण न खपलेले गठ्ठे कुणाच्या घरी येणार हे आधी विचारा. आयएसबीएन क्रमांकाची वेगळी फी मागितली तर तो भारतात विनामूल्य मिळतो हे सांगा. पुस्तकापायी कर्ज काढू नका, दागिना गहाण टाकू नका. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ वेळोवेळी त्यासाठी हस्तलिखिते मागवते. त्या निवेदनावर लक्ष ठेवा.

आपल्या आईबापांनी राबून काढलेले दिवस त्या वहीत आहेत. ते लोकांनी वाचावेत, आणि त्यांच्यावरची मालकी मात्र आपल्याच घरात राहावी. या रविवारी पेटी उघडा आणि वहीची झेरॉक्स तेवढी काढून आणा.